गणपतीला दहा दिवस गावी जायचे असेल, तर घरातला ससा कोणाकडे ठेवावा?

तुम्ही विचारले आहे की डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये तुमचा दोन वर्षांचा नर ससा आहे आणि गणपतीला दहा दिवस सगळ्यांना कोकणात जायचे आहे. अशा वेळी त्याला सोबत न्यावे, कुत्र्यामांजरांच्या बोर्डिंगमध्ये ठेवावे की वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे सोपवावे? मी ठाण्यात गेली सात वर्षे ससे पाळते आहे आणि या बाबतीत एक मोठी चूक माझ्या हातून झालेली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

सोबत नेण्याचा विचार सोडून द्यावा. गणपतीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर किती तास अडकून पडावे लागेल याचा भरवसा नसतो, आणि बंद गाडीतला उकाडा सशाला झेपत नाही. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो, त्यामुळे आजूबाजूचे तापमान तीस अंशांच्या वर गेले की त्याचा जीव धोक्यात येतो. शिवाय गावच्या घरी कुत्री, मांजरे, मुंगूस आणि त्याला उचलून घ्यायला धावणारी डझनभर मुले असतात.

आता मूळ मुद्दा. सशाचे आतडे सतत चालू राहावे लागते. तो बारा तास काही खाल्ल्याशिवाय राहिला, तर आतड्याची हालचाल मंदावते, आत वायू साठतो, दुखू लागल्यामुळे तो आणखी खात नाही आणि एक-दोन दिवसांत दगावू शकतो. त्याला उलटीही करता येत नाही. त्यातच ससा हा शिकार होणारा प्राणी असल्यामुळे दुखणे लपवणे त्याच्या स्वभावातच आहे. म्हणून सांभाळणारा निवडताना जागा किती मोठी आहे किंवा पिंजरा किती चकचकीत आहे हे दुय्यम ठरते. सशाने खाणे थांबवले आहे हे ज्याच्या त्याच दिवशी लक्षात येईल, असा माणूस मिळणे महत्त्वाचे.

माझ्याकडे नेमका असा माणूस नव्हता. चार वर्षांपूर्वी दिवाळीत मी आमच्या कापशी नावाच्या मादी सशाला पाच दिवस एका बोर्डिंगमध्ये ठेवले होते. तिथली माणसे वाईट नव्हती. जागा स्वच्छ होती, पाणी भरलेले होते. परंतु तिचा पिंजरा कुत्र्यांच्या रांगेसमोर होता आणि दिवसभर तिच्या कानांवर भुंकणे पडत होते. घ्यायला गेले तेव्हा तिथला मुलगा कौतुकाने म्हणाला, "ताई, एकदम शांत आहे, अजिबात त्रास दिला नाही." पेलेटची, म्हणजे सशांच्या तयार खाद्याच्या गोळ्यांची, वाटी काठोकाठ भरलेली होती; त्याला वाटले होते की खायला भरपूर शिल्लक आहे. मी खालचा ट्रे ओढून पाहिला. एरवी त्यात हरभऱ्याएवढ्या, गोल, कोरड्या लेंड्यांचा खच असतो. त्या दिवशी कोपऱ्यात मोजून नऊ लेंड्या होत्या, काळ्या मिऱ्यांएवढ्या, आणि त्यातल्या दोन केसाने माळेसारख्या एकमेकींना जोडलेल्या होत्या. डॉक्टरांनी कातडीखाली सलाईन दिले, वेदनाशामक दिले, आणि पुढच्या तीन रात्री मी दर काही तासांनी तिला सिरिंजने गवताच्या भुकटीची पेज भरवली. ती वाचली. पण त्या नऊ लेंड्या मी विसरलेले नाही.

म्हणून माझा सल्ला असा की काकूंच्या घरी कुत्रा किंवा मांजर नसेल, तर काकूच बऱ्या. त्याहूनही उत्तम म्हणजे ससा तुमच्याच घरात, त्याच्याच कोपऱ्यात राहावा आणि काकूंनी सकाळ-संध्याकाळ अर्धा तास येऊन बसावे. ससा पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वांत जास्त हालचाल करतो. त्या वेळी तो खातो आहे की नाही हे आपोआप दिसते. बोर्डिंगचाच पर्याय उरला, तर सशांना कुत्र्यांपासून वेगळ्या, भुंकणे ऐकू न येणाऱ्या खोलीत ठेवतात का, हे स्वतः जाऊन पाहावे. गोचिडांसाठी तिथे कोणता फवारा वापरतात तेही विचारावे, कारण कुत्र्यांसाठी सर्रास वापरले जाणारे फिप्रोनिल सशासाठी विषारी आहे. तिथे आधीच दुसरा ससा असेल, तर दोघांना एकत्र सोडू देऊ नये. अनोळखी ससे एकमेकांना रक्तबंबाळ करतात. आणि नर-मादी असले, तर महिन्याभरात पिल्ले होतात.

जाण्याच्या दोन आठवडे आधी काकूंना एक पूर्ण दिवस तुमच्यासमोर सगळे करू द्यावे. सशाला कान धरून कधीही उचलायचे नाही आणि मागच्या पायांना आधार दिल्याशिवाय उचलायचेच नाही, कारण त्याने जोराने झटका दिला तर त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो, हे तोंडी न सांगता करून दाखवावे. खाण्याचे प्रमाण ग्रॅममध्ये लिहून देण्यापेक्षा घरातलीच वाटी ठरवून द्यावी. सुके गवत मात्र चोवीस तास समोर हवे, साधारण त्याच्या अंगाएवढा ढीग. पावसाळ्यात हे गवत दमट होऊन त्याला बुरशी लागते, म्हणून रोज मूठभर काढताना वास घ्यायला सांगावे. कुबट वास आला तर फेकून द्यावे.

गणपतीच्या दिवसांतला एक धोका बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ससा गवत खातो, मग पूजेतली पाने त्याला द्यायला काय हरकत आहे, असे प्रेमळ शेजाऱ्यांना वाटते. स्वच्छ धुतलेल्या दुर्वा तो आनंदाने खाईल आणि सवय असेल तर त्या त्याला चांगल्याच. पण एकवीस पत्रींमध्ये कण्हेर, रुई आणि धोत्राही असतात, आणि ती तिन्ही विषारी आहेत. निर्माल्यातले एकही पान त्याच्यापर्यंत जाता कामा नये. मोदक, केळ्याचे शिकरण, प्रसादाची साखर यांनीही त्याचे आतडे बिघडते. हे काकूंना आणि त्यांच्या घरच्या मुलांना स्पष्ट सांगावे. देवाचा प्रसाद नाकारायला संकोच वाटतो, म्हणून आधीच सांगितलेले बरे.

विसर्जनाच्या दिवशी ढोल-ताशे आणि फटाके असतात. त्याचा पिंजरा रस्त्याकडच्या खोलीतून आतल्या खोलीत हलवावा, अर्ध्या भागावर चादर टाकावी आणि आत शिरून बसता येईल असा पुठ्ठ्याचा खोका ठेवावा. पावसाळी दिवसांत माश्यांकडेही लक्ष हवे. सशाची मागची बाजू ओली किंवा घाण राहिली, तर माश्या तिथे अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या कातडीत शिरतात. रोज एकदा शेपटीखाली पाहणे काकूंना विचित्र वाटेल, पण ते टाळू देऊ नका.

व्हॉट्सअ‍ॅपवर रोज दोन फोटो मागवावेत. काकू कौतुकाने सशाच्या चेहऱ्याचे फोटो पाठवतील. तुम्ही ट्रेचा मागा. लेंड्यांची संख्या आणि आकार पाहून गावी बसूनही तुम्हाला पुष्कळ कळेल.

सशावर उपचार करणारे डॉक्टर कुत्र्यांच्या डॉक्टरांपेक्षा कमी असतात, तेव्हा जवळचे दोन आधीच शोधून, सणात ते कोणत्या वेळी उपलब्ध आहेत हे फोनवर विचारून ठेवावे. परळला पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात प्राण्यांचे मोठे रुग्णालय आहे. तिथेही सशाचे डॉक्टर कधी असतात याची चौकशी करून ठेवावी. काकूंकडे थोडी रोख रक्कम आणि 'माझ्या गैरहजेरीत उपचार करावेत' असे सहीचे पत्र द्यावे. पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन तोंडावाटे द्यायचे नाही, हेही त्या पत्रात ठळक लिहावे, कारण त्याने सशाच्या आतड्यातले उपयुक्त जीवाणू मरतात.

निघण्याच्या दिवशी स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचे वजन करून लिहून ठेवा. परत आल्यावर तो एक-दोन दिवस तुमच्याकडे पाठ करून बसेल, त्याचे वाईट वाटून घेऊ नका आणि लाडाने नवीन काही खायला घालू नका. पुन्हा वजन करा. दीड किलोच्या सशाचे शंभर-दीडशे ग्रॅम घटले असतील, तर तो खेळताना दिसत असला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.