व्हिडिओ बघताना कळतं, पण वहीत येत नाही

व्हिडिओ बघून मुलगी ‘कळलं’ म्हणते आणि वहीत मात्र १/२ + १/३ = २/५ लिहिते, असा तुमचा प्रश्न आहे. तिचं लक्ष नसतं असं लगेच धरून चालू नका. व्हिडिओत पुढची प्रत्येक पायरी आयती समोर येते, म्हणून सगळं ओळखीचं वाटतं. कोऱ्या पानावर पहिली पायरी स्वतः सुचावी लागते, आणि नेमका त्याचाच सराव झालेला नसतो.

त्यामुळे उदाहरण पडद्यावर लिहून झालं, की उत्तराची पहिली ओळ यायच्या आत व्हिडिओ थांबवा. दोन-तीन मिनिटं तिला वहीत झटू द्या. चुकलं तर खोडायचं नाही. मग व्हिडिओ पुढे चालवा. आपली वाट कुठे चुकली ते तिनेच शोधायचं. सात मिनिटांचा व्हिडिओ असा बघायला सहज अर्धा तास लागतो, म्हणून एका बैठकीला एकच पुरे. ऑटोप्ले आधी बंद करा.

आता ते २/५. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणं ही अगदी नेहमीची चूक, कारण मुलं अपूर्णांकाकडे दोन सुटे आकडे म्हणून बघतात. नियम परत सांगून ती जात नाही. कागदाच्या १२ सेंमीच्या तीन पट्ट्या कापा. एक अख्खी ठेवा, दुसरीतून अर्धी म्हणजे ६ सेंमी आणि तिसरीतून एक तृतीयांश म्हणजे ४ सेंमी कापून घ्या. हे दोन तुकडे अख्ख्या पट्टीवर एकापुढे एक ठेवले की १० सेंमी भरतात. १२ चे २/५ म्हणजे ४.८ सेंमी, नुसत्या अर्ध्यापेक्षाही कमी! हे तिला मोजू द्या, तुम्ही सांगू नका. मग दर २ सेंमीवर खूण करायला लावा: अर्ध्यात ३ भाग, तृतीयांशात २, एकूण सहापैकी पाच. समच्छेद का करायचे ते इथे दिसतं.

गाडी ६ हा छेद शोधतानाच अडत असेल, तर बेरजेचे आणखी व्हिडिओ दाखवून उपयोग नाही. आधी पाढे, लसावि आणि सममूल्य अपूर्णांक पक्के करा.

व्हिडिओ निवडताना आधी तुम्ही बघा. ‘असं का’ हे न सांगता नुसती युक्ती देणारे सरळ वगळा. वर्गातली रीत वेगळी असेल तर तेही आधीच सांगा: ३/४ + १/६ तिरकस गुणाकाराने २२/२४ येतं, लसाविने ११/१२. दोन्ही एकच, पण मुलाला वाटतं आपलं चुकलं.

दुसऱ्या दिवशी तेच उदाहरण आकडे बदलून, व्हिडिओशिवाय द्या. १/४ + २/३ चालेल. अडली तर अख्खा व्हिडिओ पुन्हा लावू नका, अडलेल्या पायरीपाशीच जा.