जिद्द आहे, पण ती धसक्याला बांधलेली

प्रश्न : मुलगी बारावीनंतर वर्षभर थांबून पुन्हा 'नीट'ची तयारी करतेय. आम्ही सिडकोत राहतो, क्लास कॉलेज रोडला. घरी पेपर छान सोडवते. क्लासच्या रविवारच्या टेस्टला मात्र हात गार पडतात, येणारे प्रश्नही चुकतात. "खालच्या बॅचमध्ये टाकतील" एवढंच घोकत असते. तिच्यात जिद्द कमी आहे का?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, जिद्द नसती तर हात कशाला गार पडले असते? ती कशासाठी धडपडतेय, तेवढं पाहा. विषय समजावा म्हणून अभ्यास करणं वेगळं, पहिलं यावं म्हणून करणं वेगळं आणि मागे पडू नये म्हणून करणं त्याहून वेगळं. अँड्र्यू एलियट या मानसशास्त्रज्ञानं हा फरक अभ्यासला. 2001 साली एलियट आणि मॅकग्रेगर यांनी विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात परीक्षेच्या काळजीशी जोडलेलं दिसलं ते हे तिसरं ध्येय. पहिलं यायची इच्छा सहसा इतकी छळत नाही. म्हणून "स्वप्नं लहान कर" असं तिला कृपा करून सांगू नका.

मी भौतिकशास्त्र शिकवत आलोय. गणित सोडवताना दिलेल्या किमती, सूत्र, एकक, सगळं एकाच वेळी डोक्यात धरावं लागतं आणि तिथं जागा फार थोडी असते. त्यात "बॅच बदलली तर?" शिरलं की एखादी गोष्ट निसटतेच. घरी तो प्रश्न शिरत नाही, म्हणून तिथं जमतं.

रविवारी संध्याकाळी रँक विचारू नका. पालकांच्या ग्रुपवर यादी येत असेल तर ती तिच्यासमोर उघडूही नका. तिलाच चुकलेले प्रश्न वेगळे काढू दे : कुठला येतच नव्हता, कुठला येत असून घाईत गेला, कुठला अंदाजानं ठोकला. बरोबर उत्तराला 4 गुण आणि चुकीला 1 वजा, त्यामुळे हा तिसरा गठ्ठा कमी झाला तरी गुण वाढतात. पुढच्या रविवारचं ध्येय तिनं यातूनच ठरवावं, म्हणजे "घाईतल्या चुका कमी करीन" असं काहीतरी, जे शेजारच्या बाकावरच्या मुलीच्या मार्कांवर अवलंबून नाही.

बॅचबद्दल सरांना तुम्ही स्वतः जाऊन भेटा. एका टेस्टवरून मुलांना हलवू नका, असं स्पष्ट सांगा. पालकांनी हे बोलायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

झोप उडाली, जेवण तुटलं किंवा जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं ती बोलली, तर टेस्टची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, तिथं रात्रीही बोलता येतं.