डोक्याला मार लागल्यावर करक्युमिन, ब्राह्मी, जिंको द्यावं का?

प्रश्न: माझा भाऊ २७ वर्षांचा आहे. मोटारसायकलवरून पडून मेंदूत रक्त साचलं, ऑपरेशन झालं. कवटीचा काढलेला तुकडा अजून पोटाच्या कातडीखाली ठेवलेला आहे. तीन आठवड्यांपूर्वी त्याला घरी आणलं. फिट येऊ नये म्हणून फेनिटॉइन सुरू आहे. नातेवाईक म्हणतात, मिरीचा अर्क घातलेली करक्युमिन (हळदीतला पिवळा घटक) कॅप्सूल, ब्राह्मी आणि जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क) दिलं की मेंदू लवकर सावरतो. सुरू करू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, यातलं काहीही आत्ता सुरू करू नका. कॅप्सूल तर मुळीच नको, आणि त्याचं कारण हळद नसून मिरी आहे.

करक्युमिन आतड्यातून जेमतेम शोषलं जातं, म्हणून त्यात मिरीतलं पायपेरिन घालतात. पण पायपेरिन फेनिटॉइनचंही रक्तातलं प्रमाण वाढवतं. ते साधारण १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असावं लागतं. हे औषध मोडण्याची यकृताची ताकद एका टप्प्यावर संपते. त्यापुढे जरासा जास्त डोसही पातळी झपाट्याने चढवतो. मग झोकांड्या जातात, बोलणं जड होतं, बुबुळं थरथरतात, गुंगी येते. डोक्यात पुन्हा रक्त साचलं तरी झोकांड्या, जड बोलणं, गुंगी हेच दिसतं. घरी बसून फरक ओळखता येत नाही. सीटी स्कॅन आणि फेनिटॉइनची पातळी दोन्ही बघावं लागतं.

करक्युमिनने इजा झालेला मेंदू सावरतो, हे उंदरांवरचे निष्कर्ष खरे आहेत, पण ते नीट वाचायला हवेत. २००६ च्या एका गाजलेल्या प्रयोगात करक्युमिन मार बसण्याआधी चार आठवडे खाद्यात मिसळलं होतं, आणि इजा सौम्य होती. तुमच्या भावाची स्थिती अगदी उलट आहे. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचं उदाहरण घ्या. प्राण्यांमध्ये त्याने मेंदूची सूज उतरवली होती, पण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत रुग्णांना काहीच फायदा झाला नाही.

जिंकोने रक्तस्राव वाढण्याची शक्यता असते, आणि कवटीचा तुकडा परत बसवायचं ऑपरेशन अजून व्हायचंय. आधीच थोडं दिलं असेल तर सर्जनना आजच सांगा. ऑपरेशनच्या निदान दोन आठवडे आधी ते बंद असायला हवं.

ब्राह्मी म्हणून आपल्याकडे दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात: नीरब्राह्मी आणि मंडूकपर्णी. स्मरणशक्तीवरचे बरेचसे अभ्यास नीरब्राह्मीवर झाले, तेही डोक्याला मार न लागलेल्या माणसांत. तिने मळमळ आणि जुलाब होऊ शकतात. उलटी झाली तर फेनिटॉइनची गोळीही बाहेर पडते, आणि उलटी ब्राह्मीने झाली की डोक्यातल्या दाबाने, हाही घोळ होतो.

रोजच्या आमटी-भाजीतली हळद, मिरी चालू द्या. हळदीचं दूध हवं असेल तर कपाला पाव चमचा हळद पुरे, मिरी घालू नका. शक्यतो हळकुंडं आणून दळा. भडक पिवळ्या सुट्या हळदीत लेड क्रोमेट या शिसं असलेल्या पिवळ्या रंगाची भेसळ असू शकते, आणि शिसं मेंदूलाच घातक.

वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलटी, एका बाजूचा अशक्तपणा, न उठवता येणारी झोप, फिट, किंवा कवटी काढलेल्या जागी फुगवटा ताठ होणं, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच १०८ ला फोन करा.

पुढच्या भेटीत सर्जनना एक नक्की विचारा. मोठ्या इजेनंतर फिट टाळण्यासाठी फेनिटॉइन साधारण सात दिवस देतात. भावाला एकदाही फिट आली नसेल तर ते आता किती दिवस लागेल? मात्र गोळी स्वतःहून बंद करू नका. अचानक तोडली तर फिट येऊ शकते.