‘मॅल’ने सुरू होणारे शब्द आणि मालक्रियाद

प्रश्न असा की मॅलिस, मलिग्नंट, मलेव्हलंट, मॅलन्यूट्रिशन, सगळे मॅलवालेच, परीक्षेच्या यादीत आलेत आणि अर्थांची नुसती खिचडी होतेय, तर पाठ कसे करायचे?

अगो बाय, पाठ कशाला करतेस, लॅटिनमधे मॅल म्हणजे वाईट, तेवढं धर. मॅलन्यूट्रिशन कुपोषण, मॅलफंक्शन म्हणजे मशीन बिघडणं, मॅलिस म्हणजे मनातला आकस, ही सोपी झाली. मलेव्हलंट म्हणजे दुसऱ्याचं वाईट चिंतणारा, त्याच्या उलट बेनेव्हलंट. तसंच मॅलेडिक्शन म्हणजे शाप आणि बेनेडिक्शन म्हणजे आशीर्वाद.

आणि ही जोडी तर आपल्या गोंयात रोज कानावर पडते! लहानपणी म्हापशाला शेजारच्या म्हातारीच्या आंब्यावर दगड मारले की ती बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, येऊन ‘मालक्रियाद!’ म्हणून ओरडायची. पोर्तुगीजमधे माल म्हणजे वाईट आणि क्रियादु म्हणजे वाढवलेला, म्हणजे दगड आम्ही मारायचो नि शिवी जायची आमच्या आईबापांना :) तीच म्हातारी संध्याकाळी नातवाच्या डोक्यावर हात ठेवून बेसांव द्यायची, आणि हे बेसांव म्हणजे पोर्तुगीजमधून आलेलं ते बेनेडिक्शनच.

मलेरिया इटालियन, माला आरिया, वाईट हवा. दलदलीच्या घाण हवेने ताप येतो असंच लोक धरून चालायचे. आपलं जुनं गोवें साथींनी ओस पडत गेलं आणि १८४३ मधे पणजी अधिकृत राजधानी झाली, तेव्हाही समज तोच होता. पुढे १८९७ मधे रोनाल्ड रॉसला सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू सापडले, हवा निर्दोष सुटली पण नाव तिचंच राहिलं बिचारीचं.

मराठीतला मळ आठवून लक्षात ठेवलंस तरी चालेल, पेपरात मात्र मूळ म्हणून तो लिहू नको हां.

आणि सगळेच मॅल वाईट नसतात, इथेच मार्क जातात. मलबारचा याच्याशी संबंध नाही, त्यातला मल म्हणजे डोंगर. मॅलेट म्हणजे लाकडी हातोडा, आणि मॅलिएबल त्याच्याच घरातला, लॅटिन मॅलियस म्हणजे हातोडी. जे ठोकलं तर न तुटता पसरतं ते मॅलिएबल. सोनाराकडे बघ जरा उभी राहून, एवढासा सोन्याचा गोळा ठोकून ठोकून कागदासारखा करतो.