भजनाला जाता का, हेही विचार

प्रश्न: डॉक्टरकाका, मी बडोद्यात एमबीबीएस करतेय. फॅमिली अडॉप्शनमध्ये आम्हाला गावातली घरं दिलीयेत, बीपी, शुगर, वजन लिहून आणतो. आता मॅडम म्हणतात घरातले सण, भजन, खेळ हेही विचारा, लोकांच्या तब्येतीला त्याचा आधार असतो. मला ते कल्चरल प्रोग्रामसारखंच वाटतंय. मेडिसिनशी काय संबंध?

उत्तर: अगं, चांगला जवळचा संबंध आहे. डब्ल्यूएचओच्या युरोप ऑफिसनी 2019 मध्ये कला आणि आरोग्यावरचे 3000 च्या वर अभ्यास चाळून रिपोर्ट काढलाय, तो वाच. पण म्हणून भजन केलं की गोळी बंद, असं कुणाला सांगत सुटू नकोस.

सराव आधी इथेच, बडोद्यातल्या मराठी वस्तीत, दांडिया बाजारात कर. एखाद्या आजींना तब्येत विचारलीस तर "बरी आहे गं" एवढंच मिळणार, त्यापेक्षा विचार, "आजी, भजनाला जाता का अजून?" नाही म्हणाल्या तर का ते हळूच काढून घे, मग कळतं की मंदिराच्या पायऱ्या चढवत नाहीत, वहीतली अक्षरं दिसत नाहीत, आणि तासभर बसलं की लघवी थांबत नाही, जे सुनेलाही सांगितलेलं नसतं. तुमच्या फॉर्मवर याला रकाना आहे का? शिवाय चार दिवस कोणी दिसलं नाही तर भजनी मंडळातल्या बायका दार वाजवायला जातात, आपली ओपीडी नाही जात.

उलटंही होतं बरं का. गरबा 2023 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला, आनंदच आहे, पण इन्सुलिनवरचा माणूस उपास धरून रात्री गरबा खेळला तर शुगर धाडकन खाली, आणि शेजारचा साबुदाणा खिचडी नि बटाट्याचा कीस खाऊन ती वर नेतो. उपास सोडा म्हटलं तर ऐकत नाहीत, म्हणून नवरात्राच्या आधीच त्यांना डोस ठरवून घ्यायला पाठवायचं.

जुम्मादादा व्यायाममंदिर या बडोद्याच्या जुन्या आखाड्यातही जाऊन ये. तो चालवणाऱ्या माणिकरावांचं नाव कसरतीइतकंच हाडं बसवण्यासाठीही होतं, लोकांचा हाडवैद्यावर अजून विश्वास आहे, तेव्हा त्यांना न हिणवता आधी एक्सरे काढायला कसं तयार करायचं हे शीक, पुस्तकात नाही मिळणार.

मॅडमना म्हणावं फॉर्मात एवढंच वाढवा, आधी कुठे जायचात आणि आता का जात नाही. पोस्टर स्पर्धा मात्र नको, नऊवारी नेसून फोटो काढतात आणि घरी जातात सगळे.