आधी मुलीची वही परत द्या

प्रश्न : माझी मुलगी कराडला सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. आतापर्यंत ७४ टक्के आहेत. दिवाळीच्या सुट्टीत ती वाई तालुक्यात जुने वाडे दुरुस्त करणाऱ्या एका टीमबरोबर पंधरा दिवस राहून आली आणि आता डिप्लोमानंतर तिथंच काम करणार म्हणते. तिनं डिग्री करावी आणि मग सरकारी ज्युनिअर इंजिनिअरची परीक्षा द्यावी, असं मला वाटतं. शिकलेल्या मुलीनं चुना कालवायचा का? लोक तिला बिगारी म्हणतील. अभ्यासात लक्ष लागावं म्हणून खांब-तुळयांची मापं लिहिलेली तिची वही मी काढून घेतली. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. पुढच्या वर्षी आमचं जुनं घर पाडून स्लॅबचं बांधणार आहोत, तेव्हा तिला खरं बांधकाम कळेल. तिला कसं समजवावं? (एक वडील, कोरेगाव तालुका)

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. टक्क्यांची मला अजिबात काळजी वाटली नाही, वहीची वाटली. सुट्टीत मुलं काय करतात ते आपण दोघंही जाणतो. तुमची मुलगी परांचीवर चढून मापं घेत होती आणि कुणी न सांगता लिहून ठेवत होती. कॉलेजात सर्व्हेचं प्रॅक्टिकल उरकायला मुलांच्या मागे लागावं लागतं, आणि इथं मुलगी स्वतःहून ते करते आहे, तर तुम्ही वही कुलपात ठेवता! अभ्यासातून लक्ष उडालं, असं तुम्ही लिहिता. अहो, तोच तर तिचा अभ्यास आहे. घरातला अबोला वाड्यामुळे आलेला नाही, वहीमुळे आला आहे. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, पण चूक तुमची आहे.

‘बिगारी’ हा शब्दही मला लागला. अशा टीममध्ये गवंडी असतो, सुतार असतो, पाथरवट असतो. जुनी तुळई न उतरवता तिचं फक्त कुजलेलं टोक कापून तिथं नवं सागवान सांधणारा सुतार आज शोधून सापडत नाही. एखाद्या रविवारी मुलीला घेऊन मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात जा, तिथून खाली कृष्णेच्या घाटावर उतरा. येताना लिंबला बारा मोटांची विहीर बघा. तिथल्या दगडांचे सांधे हातानं चाचपून बघा. ते काम करणाऱ्यांना तुम्ही बिगारी म्हणाल का?

आता ‘खरं बांधकाम’ म्हणजे सिमेंट, या समजाबद्दल. सिमेंटचा गिलावा केला की जुनी भिंत पक्की होते, असं गावोगाव मानतात आणि त्यातूनच कितीतरी चांगली घरं खराब होतात. आपल्याकडच्या जुन्या भिंती बहुतेक दोन पदरी असतात : आतून-बाहेरून दगड आणि मध्ये माती-खड्यांची भर. जमिनीतली ओल त्यात चढतेच. पूर्वी ती माती-चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडून सुकायची. सिमेंटनं ती वाट बंद होते. मग ओल आत साचते, आणखी वर चढते, भर भुसभुशीत होते आणि भिंतीत रुतलेली तुळयांची टोकं कुजतात. बाहेरून भिंत मात्र छान गुळगुळीत दिसते, म्हणून वरचा मजला खचेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. चुन्याचं काम म्हणूनच शिकावं लागतं. चुन्याची कळी पाण्यात विझवून किती दिवस मुरत ठेवायची, वाळू किती, सुरखी म्हणजे विटांची भुकटी किती, गूळ आणि बेलफळाचं पाणी कुठं घालायचं, गिलावा किती दिवस ओला ठेवायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही.

दगड-मातीच्या घरांची भीती तुमच्या मनात असेल, तर ती मात्र मी खोटी म्हणणार नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप सातारा जिल्हा विसरलेला नाही. धक्क्यात दोन पदरी भिंतीचे पदर एकमेकांपासून सुटतात, फुगतात आणि कोसळतात. ते बांधून ठेवायला भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड कुठं आणि किती घालायचे, छताचं लाकूड भिंतीशी कसं जखडायचं, हे ठरवायला इंजिनिअरच लागतो. म्हणून मुलीलाही सांगतो : डिग्री कर. डिप्लोमाच्या गुणांवर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, तो घे. आर्किटेक्चरकडे वळायचं असेल तर ‘नाटा’ ही प्रवेशपरीक्षा दे, पुढं दिल्लीच्या एसपीएत (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) किंवा अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात वास्तुसंवर्धनात पदव्युत्तर शिक्षण आहे. इंजिनिअर राहूनच पुढं जायचं असेल तर आयआयटी मद्रासमध्ये वारसा-वास्तूंच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र केंद्र आहे, तिथं काय चालतं ते बघ. सरकारी परीक्षा नंतरही देता येईल.

आणि बाळ, या कामातला पैसा लहरी आहे. पावसाळ्यात चुन्याचं काम जवळजवळ थांबतं. वाड्याला सात वाटेकरी असतील तर एकाची सही येईना म्हणून अर्धवट उतरवलेलं छप्पर ताडपत्रीखाली वर्षभर पडून राहतं. तेवढ्या काळात टीमला कोण पोसणार? पुन्हा गेलीस की मुख्य मिस्त्रींना हे विचार. उत्तर अवघड असेल, पण तुला ते आत्ताच ऐकायला हवं.

वडिलांनो, तुम्हीही विचारा. मुक्कामाची सोय काय, टीममध्ये आणखी बायका आहेत का, परांचीवर हेल्मेट आणि पट्टा मिळतो का. हे विचारणं तुमचा हक्कच आहे. एवढी चौकशी तुम्ही पत्र लिहिण्याआधी केली असती, तर मला बरं वाटलं असतं.

राहिलं तुमचं घर. पाडण्याचा निर्णय तुमचा, त्यात मी पडत नाही. कदाचित ते खरंच पाडण्याजोगं असेलही. पण वही आज तिच्या हातात द्या. परीक्षा झाली की सोप्यापासून माजघरापर्यंत घराची सगळी मापं तिला घेऊ द्या : ओळंबा लावून भिंत किती झुकली आहे, कुठली तुळई पोकळ वाजते, ओल कुठवर चढली आहे. टेपचं दुसरं टोक तुम्ही धरा. ठेकेदाराला विसार द्यायचा तो त्यानंतर द्या.