कॉफीचा तपकिरी रंग कशाचा असतो? त्या रंगामागच्या मेलॅनॉइडिन नावाच्या रेणूंचा शरीराला काही फायदा आहे का?

कॉफीचं हिरवं बी भाजताना त्यातली साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी जुळतात. हीच मेयार अभिक्रिया. पोळीवर पडणारे तपकिरी डागही बरेचसे तिचेच. फ्रेंच शास्त्रज्ञ मेयार यांनी 1912 मध्ये ती मांडली. तिच्यातून तयार होणारे मोठे, गडद रेणू म्हणजे मेलॅनॉइडिन. तयार कॉफीतल्या विरघळलेल्या घन पदार्थांपैकी साधारण पाव हिस्सा यांचाच असतो.

फायद्याचं म्हणाल, तर हे रेणू लहान आतड्यात फारसे पचत नाहीत. ते मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जिवाणू त्यातला काही भाग आंबवतात, म्हणजे काम थोडंफार अन्नातल्या चोथ्यासारखं (फायबरसारखं). भाजताना कॉफीच्या बीत मुळातच असलेल्या क्लोरोजेनिक आम्लाचे तुकडे त्यांना चिकटतात, म्हणून त्यांच्यात अँटिऑक्सिडंट गुणही येतो. पण हा गुण बहुतेक परीक्षानळीतच दिसलाय, त्यामुळे ‘कॉफी प्या, रोग पळवा’ वगैरे मनावर घेऊ नका.

स्वयंपाकघरात मात्र त्यांचा प्रताप रोज दिसतो. एस्प्रेसोवरचा सोनेरी फेस टिकवायला ते हातभार लावतात. उलट थर्मासमधली काळी कॉफी तासाभराने उघडून बघा: गरम असते, पण तो ताजा भाजका वास गेलेला. वासातले गंधकयुक्त रेणू मेलॅनॉइडिनने धरून ठेवलेले असतात! बेकरीवाल्यांसाठी तर भाजताना उडणारं बियांचं पातळ साल जास्त कामाचं. त्यात चोथा भरपूर, म्हणून ते बिस्किटांत घालून पाहिलं गेलंय.

आणि कॉफी जेवणाला लागून पिऊ नका, ती अन्नातलं लोह अडवते.